स्वमग्न व अतिचंचल मुलांची सुटी

मे महिना लागला की रत्नागिरी जिल्ह्यातील घरे चाकरमान्यांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी गजबजून जातात. परंतु या दिवसांची धास्ती घेणारीही काही कुटुंबे आपल्यात आहेत, याची जाणीव क्वचितच ठेवली जाते. ज्या घरातील मूल स्वमग्न आहे, अथवा ज्याला अवधानन्यूनता व अतिचंचलता, म्हणजे वैद्यकीय परिभाषेतील एडीएचडी आहे, त्या घराला शाळेचे वेळापत्रक सुटताच दिवस कसा काढावा असा प्रश्न पडतो. पाहुण्यांची वर्दळ, अनोळखी आवाज आणि ‘याला जरा शिस्त लावा’ हा फुकटचा सल्ला यांनी तो अधिकच बिकट होतो.

ही कुटुंबे अपवादात्मक नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगात दर 127 व्यक्तींमागे एक स्वमग्न होती. अतिचंचल मुलांची संख्या तर याहून पुष्कळच अधिक आहे. लिओ कॅनर यांनी 1943 साली स्वमग्नतेचे वर्णन केले. त्यानंतर काही काळ मातेच्या अलिप्तपणावर याचे खापर फोडले गेले. संशोधनाने ती कल्पना केव्हाच निकालात काढली. आपल्या वाड्यावस्त्यांतून मात्र ती अद्याप गेलेली नाही.

अशा मुलांसाठी सुटीत काय करावे, असे विचारताच शिबिरांची, महागड्या खेळण्यांची आणि मुंबई-पुण्याच्या केंद्रांची नावे पुढे येतात. तज्ज्ञांचे मार्गदर्शन आवश्यक आहे, यात शंका नाही. घरची कामे उपचारांची जागा घेऊ शकत नाहीत. तथापि सुमारे 340 किलोमीटर दूर असलेल्या मुंबईची वारी वर्षातून किती वेळा घडणार? उरलेले दिवस घरातच जावयाचे असतात, आणि त्या दिवसांसाठी लागणारी पुष्कळशी सामग्री कोकणच्या घरात मुळातच आहे.

बहुसंख्य स्वमग्न मुलांना ठरलेला क्रम हवा असतो, कामाचा शेवट दिसावा लागतो आणि बोलण्याची सक्ती नको असते. आंब्याची अढी हे याचे उत्तम उदाहरण होय. गवत पसरणे, त्यावर फळे मांडणे, रोज ठराविक वेळी ती चाळवून पिकलेली वेगळी काढणे, लहान-मोठी निवडून डझनाने मोजणे, हे सारे काम त्याच क्रमाने, शांतपणे करता येते. गणपतीत एकवीस दूर्वांची एकेक जुडी बांधणे त्याच जातीचे. एखाद्या मुलाला आंब्याच्या रसाचा चिकट स्पर्श असह्य होतो. त्याला आंबापोळी थापावयास लावू नये, वाळलेल्या पोळ्यांच्या घड्या मोजून डब्यात भरावयास द्याव्यात. प्रत्येक मूल निराळे आहे, हे सूत्र सर्व सूत्रांच्या आधी ध्यानात ठेवावयास हवे.

अतिचंचल मुलाची गरज वेगळी असते. त्याला बसवून ठेवण्याऐवजी अंगमेहनतीचे, लहान लहान टप्प्यांचे काम द्यावे. बागेत पडलेल्या झावळ्या ओढून आणणे, झाडांना पाणी घालणे, हीर काढून खराटा बांधण्यास मदत करणे यांत त्याच्या धावपळीला वाट मिळते. सकाळी ओहोटीच्या वेळी, गर्दी नसताना, भाट्याच्या किनाऱ्यावरील ओली वाळू दोन्ही प्रकारच्या मुलांना मानवते. मात्र पाण्याचे आकर्षण स्वमग्न मुलांना विशेष असते आणि धोक्याची जाणीव बहुधा कमी. म्हणून एका मोठ्या माणसाने केवळ त्याच मुलावर नजर ठेवली पाहिजे. पावसाळ्यात तर समुद्र वर्ज्यच.

येथपर्यंत पैशाचा प्रश्न आला नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र एक गोष्ट लगेच जाणवेल: ज्याला किंमत पडत नाही असे वाटते, त्याचाही संधी-परिव्यय असतो. येथे तो वेळेच्या रूपाने द्यावा लागतो आणि तो देते मुख्यतः आई. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या पाहणीत, बिनमोल घरकामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे, तर पुरुष 97 मिनिटे देत असल्याचे आढळले. अशा मुलाच्या आईवर त्याहीपेक्षा मोठा भार पडतो, हे सांगण्यास पाहणीची गरज नाही. राष्ट्रीय उत्पन्नात या श्रमाची नोंद होत नाही. निदान घरात तरी ती व्हावी. अढी चाळण्याचा अर्धा तास वडिलांनी, किनाऱ्याची फेरी काकांनी, दूर्वांचे काम आजीने वाटून घेतले, तर मुलाला चार माणसे मिळतात आणि आईला थोडी उसंत.

शासनाचा वाटाही स्पष्ट केला पाहिजे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात स्वमग्नता व अतिचंचलता या दोहोंचीही तपासणी अपेक्षित आहे. परंतु 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नतेला स्थान मिळाले, अतिचंचलतेला नाही. म्हणजे तपासणीत जे मूल सापडावयाचे, ते दाखल्याच्या वेळी कायद्याच्या यादीत सापडत नाही. ही विसंगती दूर होणे अगत्याचे आहे.

समाजाकडून मागणे मात्र अगदी अल्प आहे. आपल्या गावातील ‘आविष्कार’ संस्थेने बौद्धिक अक्षम मुलांसाठी शाळा आणि कार्यशाळा चालवून, योग्य काम मिळाल्यास अशी मुलेही रमतात व शिकतात, हे दाखवून दिले आहे. तोच विवेक शेजाऱ्यापाजाऱ्यांनी अंगी बाणवावयास हवा. शिमग्यात पालखी दारी येण्यापूर्वी घरच्यांना वेळ कळवावी, त्या दारासमोर ढोल क्षणभर हळू वाजवावा, किनाऱ्यावर एखादे मूल ओरडले तर वळून पाहत उभे राहू नये. यासाठी अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. तथापि ज्या आईने आजवर केवळ लोकांच्या नजरा चुकविण्यासाठी मुलाला घराबाहेर काढले नाही, तिच्या दृष्टीने याचे मोल कोणत्याही अनुदानापेक्षा अधिक आहे.