प्रेक्षक झालेला मतदार

छत्रपती संभाजीनगर महापालिकेची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली आणि त्यानंतरची थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. २०२० पासून मधला सगळा कारभार प्रशासकांच्या हाती होता. मुकुंदवाडीतला किंवा किराडपुऱ्यातला जो मुलगा २०१५ च्या निवडणुकीनंतर लगेच अठरा वर्षांचा झाला, त्याला नगरसेवक निवडायला अठ्ठाविशी गाठावी लागली. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या या शहरात जाब कोणाला विचारायचा, हे शिकण्याचे त्याचे वय तसेच निघून गेले. महाविद्यालयातही दार बंदच होते. राज्यातल्या थेट विद्यार्थी निवडणुका १९९० च्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्यांना पुन्हा वाट दिली खरी, पण प्रत्यक्षात त्या लांबणीवरच पडत राहिल्या.

याच दहा वर्षांत त्याच्या हातात स्वस्त इंटरनेट आले. ही रिकामी जागा परंपरेचे आणि धर्माभिमानाचे राजकारण करणाऱ्यांनी सर्वांत आधी ओळखली. भाजपने २०१४ च्या अखेरीस मिस्ड कॉलवर सदस्यनोंदणी सुरू केली, मग नमो ॲप आले, २५ जानेवारी २०२४ रोजी देशभर नवमतदारांची संमेलने झाली. इतर पक्षही मागे नाहीत. एमआयएमची भाषणेही तुकड्या-तुकड्यांनी याच शहरात फिरतात. तरुणाला राजकारणाकडे वळवणे मुळीच गैर नाही. गैर आहे ते त्याला बोलावून फक्त बघत बसायला लावणे. मिस्ड कॉल देणाऱ्याला सभेत प्रश्न विचारता येत नाही, ठराव मांडता येत नाही, पदाधिकाऱ्याला विरोध करता येत नाही.

आणि त्याच्यापर्यंत पोहोचते काय? पाणीयोजनेचा हिशेब रीलमध्ये चालत नाही, औरंगजेब चालतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला, मार्चमध्ये खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवण्याची मागणी पेटली, आणि १७ मार्चला हिंसाचार झाला तो शेकडो किलोमीटर दूर नागपुरात, समाजमाध्यमांवर पसरलेल्या अफवेनंतर. त्याआधी जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहर बंद पडले, इंटरनेट तोडावे लागले. संभाजी महाराजांनी ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ज्या मुलाला त्यांच्या हालअपेष्टांचे प्रत्येक दृश्य पाठ आहे, त्याच्यापर्यंत हे कोणी पोहोचवले का? ज्यांना परंपरा प्रिय आहे, त्यांनी तरी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

याच खुलताबादेत भद्रा मारुती आहे. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातली हजारो पोरे तिथवर पायी जातात. वाटेत कोणी पाणी देतो, कोणी थकलेल्याचा हात धरतो. परंपरा अशी अंगात मुरते, आणि तिला वेळ लागतो. शिवसेनेची शाखाही या शहरात माणसांतूनच वाढली. तिला मी सोवळी ठरवत नाही. १९८८ ची दंगल शहर विसरलेले नाही. पण शाखाप्रमुखाला नाव होते, घर होते. पोलिसांना त्याला बोलावता येई, आईला त्याच्या दारात जाऊन भांडता येई. आज मुलाला चिथावणारे पेज कोण चालवते, हे पुष्कळदा त्या मुलालाही ठाऊक नसते.

कायद्याचे हात इथे आखूड पडतात. निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्येच उमेदवारांना समाजमाध्यमांवरील खाती जाहीर करायला आणि तिथला खर्च हिशेबात धरायला सांगितले. ‘समर्थक’ म्हणवणारी निनावी पेजेस या हिशेबातून सहज निसटतात, आणि ती वर्षभर, निवडणूक नसतानाही, कामाला असतात. पक्षांनी आपल्यासाठी राबणाऱ्या पेजेसची नावे व खर्च स्वतःहून जाहीर करावेत, ही मागणी आधी त्या-त्या पक्षाच्या तरुण कार्यकर्त्यांनीच करायला हवी, कारण किंमत तेच मोजतात. शहरातल्या अभ्यासिकांमध्ये पोलीस भरतीची तयारी करणारी कितीतरी मुले दिसतील. दंगलीच्या गुन्ह्यात नाव आले की त्यांची चारित्र्य पडताळणी अडते. त्या वेळी वकील शोधायला बापच धावतो; पेजवर तोवर पुढचे रील आलेले असते.