मार खाणाऱ्याचे नाव काय?

हिंदी चित्रपटाच्या मारामारीत मारणाऱ्यापेक्षा मार खाणारा मोठा कारागीर असतो, असे आम्ही म्हटले की लोक हसतात. त्यांनी जरूर हसावे, पण आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. 'त्रिशूल'मध्ये (१९७८) अमिताभ बच्चन रुग्णवाहिका सोबत घेऊन गुंडांच्या अड्ड्यावर एकटाच जातो आणि साऱ्यांना लोळवतो. हा प्रसंग दोन पिढ्यांना तोंडपाठ आहे. नायकाचे नाव सर्वांना ठाऊक, लेखक सलीम-जावेद ठाऊक, दिग्दर्शक यश चोप्रा ठाऊक. मग ती जागा बळकावून बसलेल्या माधोसिंगचे काम कोणी केले? बहुतेकांचे उत्तर ठरलेले आहे : "तो टकलू हो!"

त्या टकलूचे नाव शेट्टी. एम. बी. शेट्टी. जुन्या दक्षिण कन्नड जिल्ह्याकडून मुंबईत आलेला हा तुळू माणूस साठच्या आणि सत्तरच्या दशकांत हिंदी चित्रपटसृष्टीतला नामवंत 'फाईट मास्टर' होता. पडद्यावरची मारामारी बसवणे हा त्याचा धंदा. आणि त्याच मारामारीत खलनायकाचा हस्तक बनून मार खाणे हाही त्याचाच धंदा. 'अ‍ॅन इव्हिनिंग इन पॅरिस'मध्ये (१९६७) तो दिसतो, 'डॉन'मध्ये (१९७८) दिसतो. चकचकीत डोके, भरदार छाती, कपाळाला आठ्या आणि संवाद जवळजवळ नाहीत. तो दारात उभा राहिला की थिएटरातल्या पोराटोरांना कळायचे, आता काहीतरी होणार! एकही वाक्य न बोलता प्रेक्षकांच्या पोटात गोळा आणणे याला अभिनय म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

पण समीक्षकांनी त्याला अभिनेता मानले नाही. त्याच्या वाट्याला 'गुंड' हा एकच शब्द आला. ही नाइन्साफी आहे आणि ती एका शेट्टीपुरती नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मारामारी घडते कशी, हे आधी समजून घेतले पाहिजे. नायकाचा ठोसा समोरच्याच्या गालाला लागत नाही, तो काही इंच दूरून जातो. कॅमेरा अशा कोनात लावलेला असतो की मधले अंतर दिसू नये. 'ढिशूम' हा आवाज नंतर भरला जातो. म्हणजे नायकाने केले काय? हात हवेत फिरवला. बाकी सगळे समोरच्याने केले. नेमक्या क्षणी मान झटकली, पाय उचलले, पाठ टेबलावर टाकली, टेबल मोडून जमिनीवर लोळला आणि पुढच्या ठोशासाठी पुन्हा उठला. त्याने मान अर्धा क्षण उशिरा फिरवली, तर नायक हास्यास्पद दिसेल. नायकाची ताकद ही खरे तर पडणाऱ्याने त्याला दिलेली देणगी असते. शेट्टीसारखा माणूस तर याच्याही पुढचा. स्वतःच्या पराभवाचा आराखडा त्याने स्वतःच आखायचा, नायकाला तो शिकवायचा आणि मग कॅमेऱ्यासमोर हरून दाखवायचे. इतका निःस्वार्थी हुनर दुसऱ्या कोणत्या कलेत आहे, ते आम्हाला कोणी सांगावे.

आम्ही शाळेत शिकवणारी माणसे आहोत. स्नेहसंमेलनात नाटक बसवताना दरवर्षी तोच अनुभव येतो. बादशहा व्हायला वर्गातली सगळी मुले तयार असतात, मार खाणारा चोर व्हायला कोणी नाही. शेवटी एखादा गरीब घरचा, मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहतो. प्रयोगाच्या दिवशी टाळ्या मात्र त्याच्या पडण्यालाच पडतात आणि बक्षीस बादशहाला मिळते. मोठ्यांच्या जगात याहून वेगळे काही चालत नाही.

आता भाषेकडे पाहा. नायकाच्या किंवा नायिकेच्या जागी उडी मारणाऱ्याला आपल्याकडे 'डुप्लिकेट' म्हणतात. डुप्लिकेट म्हणजे नक्कल, नकली माल. 'शोले'तला (१९७५) टांग्याचा पाठलाग आठवा. पडद्यावर बसंती म्हणजे हेमा मालिनी. जिवावरची दृश्ये मात्र रेश्मा पठाण या स्त्रीने केली. टांगा उलटला आणि ती जखमी झाली. हाड मोडण्याची जोखीम जिने घेतली ती 'डुप्लिकेट' आणि जी पोस्टरवर झळकली ती अस्सल, असा हा उफराटा न्याय आहे. 'शोले'चे संवाद पाठ असणारी माणसे गल्लोगल्ली भेटतात. रेश्मा पठाण हे नाव त्यांनी ऐकलेले नसते. तिच्या आयुष्यावर 'द शोले गर्ल' हा चित्रपट आला तो २०१९ मध्ये, मूळ चित्रपटानंतर तब्बल ४४ वर्षांनी. तो दिग्दर्शित केला आपल्या मराठी आदित्य सरपोतदारांनी. त्याच वर्षी समीक्षकांनीही तिचा गौरव केला. उशिरा का होईना, कद्र झाली याचा आनंद आहे. परंतु अशा कितीजणी पडद्यामागेच राहिल्या असतील, याचा हिशेब कोण देणार?

पुरस्कारांचा हिशेब मात्र देता येतो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. गायकाला, नृत्यदिग्दर्शकाला, वेशभूषाकाराला पुरस्कार आले. साहसदृश्यांच्या दिग्दर्शनाचा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला २०१७ मध्ये, 'पुलिमुरुगन' या मल्याळी चित्रपटासाठी पीटर हेन यांना. म्हणजे ६३ वर्षे गेली. दादासाहेब फाळके पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. फाईट मास्टर म्हणून ओळखल्या गेलेल्या एकाही माणसाला तो आजवर मिळालेला नाही. अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांनीही फार हुरळून जाऊ नये. तिथे याकिमा कॅनट या स्टंटमनला १९६७ साली मानद ऑस्कर दिले गेले खरे. पण स्टंट हा स्वतंत्र विभाग म्हणून जाहीर व्हायला २०२५ साल उजाडले आणि तो लागू होणार २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून. पडणाऱ्या माणसाकडे पाठ फिरवण्यात पूर्व-पश्चिम असा भेद नाही.

यावर काही आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला : त्यांना कामाचे पैसे मिळाले, आणखी काय हवे? पैसे नायकालाही मिळाले. तरी त्याचे नाव आपण मोठ्या अक्षरांत लिहितोच ना? नाव हे मजुरीचा भाग नाही काय? दुसरा आक्षेप : आता सगळे संगणकावर होते, माणूस कुठे पडतो? हा आक्षेप घेणाऱ्यांनी वर्तमानपत्रे वाचावीत. नोव्हेंबर २०१६ मध्ये 'मास्ती गुडी' या कन्नड चित्रपटासाठी बंगळुरूजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात हेलिकॉप्टरमधून उड्या मारायच्या होत्या. अनिल आणि उदय हे खलनायकी भूमिका करणारे दोन तरुण नट बुडाले. त्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. नायकानेही उडी मारली होती; तो वाचला. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत गाडी उलटवण्याचे दृश्य चित्रित होत असताना एस. एम. राजू हे अनुभवी स्टंटमन दगावले. संगणक गाडीच्या तारा पुसू शकतो. आत बसलेल्या माणसाचे मरण त्याला पुसता येत नाही.

तिसरा आक्षेप जरा सभ्य भाषेत येतो : इंडस्ट्री त्यांची काळजी घेते. २०१७ मध्ये अक्षय कुमार यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या स्टंट कलाकारांसाठी विमा योजना सुरू झाली. ही नेकी आहे आणि आम्ही तिला सलाम करतो. पण एका नटाच्या दिलदारीवर शेकडो घरांची चूल अवलंबून असावी, हे त्या नटाला भूषण असले तरी धंद्याला लांछन आहे. खैरात आणि हक्क यांत फरक आहे. संसदेने १९८१ मध्ये सिने-कामगारांसाठी कायदे केले; त्यांतले दोन आता नव्या श्रमसंहितांत विलीन झाले आहेत. कायद्याचे नाव बदलले म्हणून पडणाऱ्याच्या पाठीखालची गादी जाड होत नाही.

शेट्टी १९८२ साली गेले. त्यांच्यामागे घरची परिस्थिती किती खालावली, हे त्यांचा मुलगा रोहित शेट्टी यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. या मुलाने पुढे 'गोलमाल' (२००६) काढला, बाजीराव सिंघम हा मराठी फौजदार 'सिंघम'मधून (२०११) देशभर गाजवला. त्यात सिंघम झालेले अजय देवगण हेही एका फाईट मास्टरचे, वीरू देवगण यांचे पुत्र. विकी कौशल हे शाम कौशल या अ‍ॅक्शन दिग्दर्शकाचे. लोक कौतुकाने म्हणतात, पोरांनी बापांचे नाव काढले. आम्हाला हे वाक्य टोचते. नाव बापांचे होतेच; ते आपण उच्चारले नव्हते. आणि ज्या फाईट मास्टरांची मुले नायक-दिग्दर्शक झाली नाहीत, ती रिक्षा चालवत असतील किंवा बापाच्याच धंद्यात पडत-उठत असतील, त्यांच्या बापांनी काय करायचे? मान मिळण्यासाठी आधी पोटी सुपरस्टार जन्माला घालायचा?

आमचे मागणे मोठे नाही. ज्याने जिवाची जोखीम घेतली त्याचे नाव श्रेयनामावलीत आलेच पाहिजे, ज्याच्या जागी त्याने उडी मारली त्या कलाकाराच्या नावासह. 'डुप्लिकेट' हा शब्द कायमचा टाकून द्यावा. विमा निर्मात्याने काढावा आणि त्याचा कागद दाखवल्याशिवाय कॅमेरा सुरू होऊ नये. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जुन्या स्टंट कलाकारांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून, ते हयात आहेत तोवर, ध्वनिमुद्रित कराव्यात. आणि आपल्या मराठी समीक्षकांनी नायकाच्या एका भुवईवर चार परिच्छेद लिहिताना पाचवा परिच्छेद समोर पडलेल्या माणसावर लिहावा.

तोवर आम्ही आमच्या परीने काम सुरू ठेवू. पुढच्या स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत मार खाणाऱ्या चोराचे नाव बादशहाच्या नावाशेजारी, त्याच मापाच्या अक्षरांत छापले जाईल.