पेटी उघडा, मंडळी!

संगणकाची पेटी उघडायची म्हटले, की आपल्या मध्यमवर्गीय घरांत शस्त्रक्रियेची शांतता पसरते. आमच्या वर्ध्याच्या घरीही पसरली. “दुकानात न्या हो!” इति सौ. पण २००४ साली घरीच भरलेल्या सीडीत आजोबांचा आवाज होता, आणि नव्या संगणकाला सीडी वाचायची सोयच नव्हती. अशा तबकडीवरचा रंगाचा थर काळाने विटतो. थांबून भागणार नव्हते.

तेव्हा ऐका. ड्राइव्ह आणण्याआधी पेटीत सव्वापाच इंची कप्पा आहे ना, पाहा. संगणक बंद करून प्लग काढा. पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावा. कोरड्या हवेत अंगावर साठणारी वीज नाजूक भागांचा घात करते. पुढचे झाकण काढून ड्राइव्ह आत सरकवा, दोन्ही बाजूंनी दोन-दोन स्क्रू आवळा. मग दोनच जोडण्या. ७ पिनांची अरुंद तार मदरबोर्डला, १५ पिनांची रुंद तार पॉवर सप्लायची. दोन्हींची खाच इंग्रजी ‘एल’सारखी, उलटी बसत नाही. म्हणून जोर नको!

सेवाग्राम येथून आठ किलोमीटरवर. गांधीजींच्या चरखा संघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये, ही त्यातली एक अट. घरातले यंत्र घराला झेपले पाहिजे, नाही का? चार स्क्रू फिरले, की धाक जातो. जुन्या तबकड्या बोलत आहेत, तोवर त्यांतली माणसे उतरवून घ्या.