वर्दीआधीची वर्षं

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला सगळे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. युद्ध संपल्यावर इंग्रज सरकारनं, जिथून भरती जास्त झाली होती अशा गावोगावी दगडी पाट्या बसवल्या. सातारा भागात आणि कोकणात त्या अजून पाहायला मिळतात. मजकूर सगळीकडे एकाच साच्याचा: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९च्या महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. बस्स, दोन आकडे. पाटीवरून बोट फिरवलं तर कोरलेला आकडा हाताला लागतो, नाव लागत नाही. त्या वेळी नावांची गरज कुणाला वाटलीही नसेल. गाव लहान, कोण गेलं आणि कोण परतलं हे पाणवठ्यावर रोज ठाऊकच होतं. पण ठाऊक असणारी माणसं सरली आणि आकडा एकटा उरला. त्या आकड्यात कुणाचे तरी मुलगे, नवरे, बाप आहेत हे आपल्या चटकन ध्यानात येतं. ते कुणाचे तरी सवंगडीही होते, हे मात्र मनातही येत नाही. माझं म्हणणं या दुसऱ्या नात्याविषयी आहे. युद्धात गेलेल्या माणसाची पहिली पंधरा-सोळा वर्षं ज्याच्यापाशी राहिलेली असतात, त्या बालमित्राच्या आठवणीला आपण जाहीर स्मरणात कुठंच जागा ठेवलेली नाही, आणि त्यामुळे आपल्या जवानांविषयी आपल्याला जे माहीत आहे ते अर्धंच आहे.

मैत्री आणि युद्ध यांची गाठ अपघातानं पडलेली नाही, ती भरतीच्या पद्धतीतच होती. जुन्या हिंदी फौजेत कंपन्या जातवार आणि प्रांतवार उभ्या केल्या जात. सुट्टीवर आलेला हवालदार परत जाताना भावकीतली, आळीतली दोन-चार पोरं सोबत घेऊन जाई. त्यामुळे ओढ्यात एकत्र पोहलेली पोरं एकाच कंपनीत, अनेकदा एकाच तंबूत येत. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातल्या कुत अल अमारा इथं तुर्कांनी वेढलेली फौज होती ती 'पूना डिव्हिजन'. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिलला उपासमारीनं ही फौज शरण गेली आणि त्यानंतर कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत माणसं मरत राहिली. अशा वेळी शेजारी पडणारा माणूस बहुतेकदा गावचाच असणार. इंग्लंडमध्ये तर सरकारनं १९१४मध्ये हे उघडच केलं. मित्रांनी मिळून नाव नोंदवा, मिळूनच लढाल, अशी हमी देऊन पलटणी उभ्या केल्या. अॅक्रिंग्टन या गिरणीगावच्या पोरांची पलटण १ जुलै १९१६ला सोमच्या लढाईत पुढे सरकली. सुमारे ७०० पैकी २३५ जण मेले आणि ३५० जखमी झाले, साधारण अर्ध्या तासात. एका शाळेचे वर्गच्या वर्ग रिकामे होणं म्हणजे काय, हे त्या गावाला त्या आठवड्यात कळलं. मैत्रीच्या बळावर माणसं लढायला न्यायची हे दोन्हीकडे घडलं. आपल्याकडे त्या मैत्रीची नोंद मात्र नंतर कुणी ठेवली नाही.

नोंदी कशाच्या ठेवल्या ते पाहण्यासारखं आहे. युद्धातल्या कबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाच्या वह्यांत हिंदी शिपायाचा तपशील येतो तो असा: पलटण, नंबर, हुद्दा, अमक्याचा मुलगा, अमुक गाव, जिल्हा सातारा किंवा रत्नागिरी. कुठं 'अमकीचा नवरा' असंही असतं. बसऱ्याच्या स्मारकावर तर तेवढंही नव्हतं. हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांची फक्त संख्या पलटणीखाली टाकली. या भेदभावाबद्दल आयोगानं २०२१मध्ये जाहीर माफी मागितली. दिल्लीत २०१९मध्ये राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं तेव्हा स्वातंत्र्यानंतरच्या सुमारे २६ हजार जवानांची नावं तिथल्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत आली. नाव, हुद्दा, पलटण. हे मोठंच काम झालं आणि ते फार आधी व्हायला हवं होतं. तरी या प्रत्येक नोंदीत माणूस सुरू होतो तो भरतीच्या दिवशी. नायक यशवंत घाडगे यांचं उदाहरण घ्या. माणगावजवळचा हा मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान १० जुलै १९४४ला इटलीत पडला आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मानपत्रात त्याच्या अखेरच्या काही मिनिटांचा पाऊलपाऊल हिशेब आहे: तुकडीतले सगळे पडल्यावर तो एकटा मशीनगनवर कसा धावला, बॉम्ब कसा टाकला, मॅगझिन बदलायला वेळ नसल्यावर बंदुकीच्या दस्त्यानं कसा लढला. त्या वेळी त्याचं वय होतं २२. त्या काही मिनिटांमागची बावीस वर्षं कोणत्याच मानपत्रात नाहीत. माणगावात त्याचा पुतळा आहे, तोही अर्थातच वर्दीतला.

ही वर्दीआधीची वर्षं ज्याच्याकडे असतात तो मित्र. आईवडिलांना मूल घरातलं माहीत असतं, बायकोला तो तरणा गडी म्हणून भेटतो, पलटणीला तो नंबरासकट मिळतो. शाळा बुडवून तो कुठं जायचा, कुणाला घाबरायचा, भरतीच्या आदल्या रात्री खरंच काय म्हणाला, हे त्याच्या सोबत्यालाच ठाऊक. आणि ही आठवण चौथऱ्यावर फुलं वाहताना येत नाही. ती संसाराच्या मधोमध येते. मुलीला सायकल शिकवताना बाप मागचं कॅरियर धरून पळत असतो. तिला नकळत हात सोडतो, ती तशीच पुढे जाते, आणि धापा टाकत उभं राहिल्यावर त्याला आठवतं, आपलं कॅरियर कुणी धरलं होतं आणि सोडलेलं सांगितलं नव्हतं. दिवाळीत पोरं अंगणात किल्ला करतात. पोत्यावर चिखल थापतात, अळीव पेरतात, मातीचे मावळे मांडतात. बुरूज ढासळला की काय करायचं हे घरातला जो माणूस सांगतो, तो ते कधीतरी कुणाबरोबर शिकलेला असतो. तेवढ्यात आतून चहाची हाक येते आणि तो उठतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, गेलेल्याला हा विसरला. माझ्या मते स्मरण असंच टिकतं. वर्षातून एकदा झेंडा वंदून ते तेवढं टिकत नाही, कारण त्यात मित्राला बोलायची पाळीच येत नाही. सत्काराच्या वेळी वीरपत्नी आणि वीरमाता पुढच्या रांगेत असतात, आणि तो मांडवाच्या कडेला खुर्च्या लावत असतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. दुःखाला क्रम असतो. आई, बायको, मुलं यांच्यापुढं मित्राचं दुःख ते केवढं? त्याच्या चुलीवर काही परिणाम झालेला नसतो. २०२४मध्ये एका शहीद अधिकाऱ्याच्या आईवडिलांनी 'निकट आप्त' या शब्दाची लष्करी व्याख्या बदलावी अशी मागणी केली, तेव्हा देशभर झालेली चर्चा आईवडील आणि पत्नी यांच्यातल्या वाटणीची होती. तिथं आणखी एक दावेदार कशाला? मला वाटतं, हा आक्षेप पेन्शन आणि स्मरण यांची गल्लत करतो. पेन्शन वाटली की कमी होते, म्हणून तिथं रांग हवीच आणि त्या रांगेत मित्रानं उभं राहू नये. आठवणीचं तसं नाही. मित्रानं सांगितलेली गोष्ट आईच्या वाट्यातून काही काढून घेत नाही, उलट तिला माहीत नसलेला मुलगा तिच्या पदरात घालते. अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९मध्ये अशा शोकाला नाव दिलं: ज्याचा हक्कच समाज मानत नाही असा शोक. मित्राचा शोक त्यांनी त्यातच धरला होता. पण यासाठी अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्याकडे मित्राला सुतक नाही हे खरं, आणि दहाव्याला तो घाटावर पाहुण्यासारखा उभा असतो हेही खरं. तरी पितृपक्षातल्या महालयाच्या यादीत आजे-पणजे, मामा, मावश्या, सासरे यांच्यामागून गुरू आणि शिष्य येतात, आणि त्यांच्याच ओळीत मित्रही येतो. त्याच पंधरवड्यात भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्रानं मारल्या गेलेल्यांची तिथी म्हणून पंचांगात छापलेली असते. म्हणजे जुन्या माणसांनी रणात पडलेल्याला एक दिवस दिला होता आणि मित्राला एक पिंड. रक्ताच्या नात्याला एवढं जपणाऱ्या परंपरेनंही मित्राला दाराबाहेर ठेवलं नव्हतं. श्राद्ध कुणी करावं की नाही हा माझा मुद्दा नाही. हक्काचा प्रश्न आपल्या पूर्वजांनी केव्हाच सोडवला होता, एवढंच मला त्यातून दिसतं.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या बाजूनं येतो. मित्राची आठवण भरवशाची नसते. ती दरवर्षी घासून गुळगुळीत होते, गेलेल्याला गोड करते, आणि सांगणारा स्वतःला गोष्टीत जरा पुढे सरकवतो. हे मान्य करायला हवं. पण मानपत्रही कुणीतरी, काही हेतूनं, लिहिलेलंच असतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून हिंदी शिपायांनी घरी आणि मित्रांना पाठवलेली पत्रं आज वाचायला मिळतात ती सेन्सॉरच्या कृपेनं. फौजेत असंतोष आहे का हे कळावं म्हणून त्यानं उतारे काढून ठेवले, ते सरकारी दप्तरात राहिले. मूळ पत्रं गावी पोचली आणि बहुतेक नाहीशी झाली. म्हणजे शिपाई आपल्या माणसांशी काय बोलायचा हे आपल्याला कळतं ते सरकारच्या संशयामुळे. एवढ्या आडवळणी पुराव्यावर इतिहासकार काम करतात, मग समोर बसलेल्या माणसाची आठवण टाकाऊ का ठरावी? ती पारखून घ्यावी, दुसऱ्या सोबत्याच्या आठवणीशी ताडून पाहावी. ती चुकेल ती तारखांत आणि ठिकाणांत, आणि तारखा पलटणीच्या दप्तरात आहेतच. दप्तरात जे कधीच नव्हतं, तेच त्याच्याकडे आहे.

आणखीही एक शंका घेतली जाते, ती दबक्या आवाजात. शहीद म्हणून ज्याचं नाव शाळेच्या कमानीवर आहे, तो कॉपी करताना पकडला गेला होता, बैलांना भ्यायचा, एका मुलीसाठी आठ महिने उगाच एसटी स्टँडवर उभा राहायचा, अशा गोष्टी बाहेर आल्या तर त्याचा मान कमी होत नाही का? मी याच्या नेमकं उलट मानतो. ज्यात भीतीच नव्हती त्याच्या धैर्याचं कौतुक काय करायचं? बैलाला भिणारा पोरगा सहा वर्षांनी तोफांच्या मुखी उभा राहिला, हे कळलं तर त्या उभं राहण्याची किंमत कळते. शिवाय हा मान आपण सोयीनं वापरतो. सगळे जवान सारखेच शूर, सारखेच हसरे फोटोतले असले की युद्धात नेमकं काय गेलं याचा हिशेब करावा लागत नाही. कारगिलमध्ये ५२७ गेले हे वाक्य पटकन वाचून होतं. त्यातला एक जण कसा गात होता, किती बेसूर गात होता, हे कळल्यावर तो आकडा तसा वाचता येत नाही.

आता वेळेचं. १९७१च्या डिसेंबरात मराठा लाइट इन्फन्ट्रीची जंगी पलटण बांगलादेशात जमालपूरपाशी लढली. त्या युद्धात पडलेल्या विशी-बाविशीतल्या जवानांचे सोबती आज पंचाहत्तरीच्या पुढे गेलेत. कारगिलच्या जवानांचे मित्र पन्नाशीकडे आलेत, नोकरीत, शेतीत, पोरांच्या लग्नांत गुंतलेत. ते आपणहून सांगायला येणार नाहीत, कारण त्यांना कुणी विचारलेलंच नाही. यासाठी स्मारक नको, निधी नको. जवान गमावलेल्या प्रत्येक गावच्या शाळेत जनरल रजिस्टर असतं: नंबर, पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख, शेरा. एखाद्या शिक्षकानं त्या सालचं रजिस्टर काढून गावातल्या म्हाताऱ्या मित्रांसमोर बसावं आणि नावं एकेक करून मोठ्यानं वाचावीत. एका नावाशी ते थांबवतील. आणि पहिली दुरुस्ती बहुधा हीच निघेल, की या नावानं त्याला गावात कुणीच हाक मारत नव्हतं.