चेहरा आपला, भांडण कंपन्यांचे

डिसेंबर 2022 मध्ये दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसी विमानतळांवर ‘डिजीयात्रा’ सुरू झाली. चेहरा दाखवा, आत जा. रांग वाचते, हे खरेच. पण ती चालवणाऱ्या फाउंडेशनमध्ये सरकारी विमानतळ प्राधिकरणाचा वाटा फक्त 26 टक्के. बाकी विमानतळ कंपन्यांचा. त्यामुळे माहिती अधिकार तिला लागू नाही, असे सांगितले जाते. पुढे अ‍ॅप कुणाचे, यावरून फाउंडेशन आणि अ‍ॅप बनवणारी कंपनी यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. 2024 मध्ये प्रवाशांना जुने अ‍ॅप काढून नवे घ्यायला सांगितले. ज्याचा चेहरा, तो प्रवासी या खटल्यात कुठेच नाही! योजना ऐच्छिक आहे. गेटवर कर्मचारी फोटो काढू लागला, तर सरळ ओळखपत्र आणि तिकीट पुढे करा.