परिषदेहून परतल्यावर

शास्त्रपरिषदा सध्यां उदंड भरतात. घरांतील पुतण्या किंवा जांवई एखाद्या महाविद्यालयांत अध्यापक असला, म्हणजे वर्षांतून एकदां तरी तो पुण्यास, नागपुरास, क्वचित् परदेशींही निबंध वाचण्यास जातो, व घरच्या वडील मंडळींस त्याचें कौतुक वाटतें. तें योग्यच आहे. परंतु परतल्यावर ‘तेथें नवें काय ऐकलेंस?’ असें त्यास किती घरांत विचारतात, आणि विचारल्यास त्याला तें सांगतां येतें काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

परिषदेची कल्पना आपणांस परकी नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानांत ‘तद्विद्यसंभाषे’चें विवेचन आहे. एकाच विद्येच्या जाणत्यांनीं परस्परांशीं बोलल्यानें ज्ञान वाढतें, वाणीस धार येते व पूर्वीं ऐकलेल्याविषयींचा संशय फिटतो, असें तेथें सांगितलें आहे. शिवाय गुरु प्रसन्न होऊन जें रहस्य शिष्यास क्रमाक्रमानें सांगतो, तें वादांत जिंकण्याच्या भरांत एकदम बोललें जातें, हा एक लाभ चरकांनीं मोठ्या मार्मिकपणानें नोंदला आहे. पण हा सर्व लाभ उपस्थितांचा झाला. जे घरीं राहिले त्यांचें काय?

याचें उत्तर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं कृतीनें दिलें. १८७४ सालीं लंडन येथील प्राच्यविद्यापंडितांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचें त्यांस निमंत्रण होतें. जाणें जमलें नाहीं, तरी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरील निबंध त्यांनीं पाठविला. १८८६ सालीं व्हिएन्नाच्या परिषदेस मात्र मुंबई सरकारच्या वतीनें ते स्वतः गेले. ते दिवस समुद्रगमन केलेल्यास प्रायश्चित्त सांगण्याचे होते, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. परत आल्यावर त्यांनीं आपल्या व्हिएन्नाभेटीचा वृत्तांत लिहून प्रसिद्ध केला. पुढें नोव्हेंबर १९१९ मध्यें अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचें पहिलें अधिवेशन पुण्यास भरलें, तेव्हां अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलें. त्या वेळीं त्यांचें वय ८२ होतें.

भांडारकरांचा तो वृत्तांत इंग्रजींत होता, व त्या काळच्या विद्वन्मंडळास तो पुरेसा होता. आज तसें लेखन मराठींत हवें. १९६६ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेनें ही वाट बरीच रुंद केली आहे. डॉ. जयंत नारळीकर अहमदाबाद येथें एका परिषदेस गेले असतां एक व्याख्यान फार कंटाळवाणें झालें, तेव्हां तेथेंच त्यांनीं ‘कृष्णविवर’ ही कथा लिहावयास घेतली, असें त्यांनींच सांगितलें आहे. टोपणनांवानें पाठविलेल्या त्या कथेस १९७४ सालीं या मराठी परिषदेच्या स्पर्धेंत पारितोषिक मिळालें. रटाळ व्याख्यानाचेंही असें सोनें होऊं शकतें!

सामान्यतः मात्र काय दिसतें? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनीं परिषदेंतील निबंधवाचनास बढतीसाठीं गुण ठरवून दिले. पुढें नियम बदलले, पण तेव्हां पडलेली संवय गेली नाहीं. निबंध वाचावा, प्रमाणपत्र घ्यावें, आणि दुसऱ्याचा निबंध सुरू होण्यापूर्वीं गाडी गांठावी, असा कित्येकांचा क्रम असतो. अशानें संभाषा उरत नाहीं, केवळ हजेरी उरते.

यांत हानि कोणाची होते, तें आम्हां जळकोटसारख्या गांवीं राहणारांस चांगलें ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे आमच्याच लातूर जिल्ह्यांत किल्लारीस भूकंप झाला व हजारों माणसें दगडमातीच्या घरांखालीं गेलीं. दख्खनचें पठार स्थिर मानलें जात असतां तें कां हादरलें, यावर भूशास्त्रज्ञांच्या सभांतून पुष्कळ खल झाला, हैदराबादच्या भूभौतिक संशोधन संस्थेनें किल्लारीस खोल विवरें घेतलीं, इंग्रजींत ग्रंथही निघाले. पण ज्यांच्या पायांखालची भूमि हालली त्यांच्या कानीं त्यांतील किती आलें? आमच्याकडे वर्षानुवर्षें अफवांचेंच पीक आलें. मार्च २०२४ मध्यें हिंगोली-नांदेडकडे धक्के जाणवले, तेव्हांही घरोघरीं तेच जुने प्रश्न पुन्हा निघाले.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. परिषदेहून परतलेल्यानें आठ दिवसांच्या आंत दोन पृष्ठें मराठींत लिहावीं. आपला निबंध चार ओळींत आटोपावा. दुसऱ्यांचें नवें काय ऐकलें, वाद कोठें झाला, कोणती शंका अनिर्णीत राहिली, व आपल्या पाण्याशीं, पिकाशीं, घराच्या भिंतीशीं त्याचा संबंध काय, हें सांगावें. जें अद्याप सिद्ध झालें नाहीं तें सिद्ध म्हणून सांगूं नये. मग रात्रीं जेवणें झाल्यावर तें सर्वांस वाचून दाखवावें. घरांतील आजीस जो भाग समजला नाहीं, तो लिहिणारासही पुरता समजला नसण्याचा संभव असतो, असें समजून तेवढा पुन्हा लिहावा. हें काम बढतीच्या गुणांत धरलें जाणार नाहीं. तथापि पुढच्या परिषदेस तो निघेल, तेव्हां घरच्यांचे दोन प्रश्न त्याच्याबरोबर जातील, आणि त्यांचीं उत्तरें मिळेपर्यंत तो दुसऱ्यांचे निबंध ऐकत बसेल, असा आम्हांस भरंवसा आहे.