स्वच्छतागृहाचे स्मारक

न्यूयॉर्कच्या बावरी रस्त्यावर ३१५ क्रमांकाच्या इमारतीत ‘सीबीजीबी’ नावाचे मद्यगृह होते. तेथील ‘पंक रॉक’ संगीताविषयी आपल्याकडील सुसंस्कृत मंडळींचा अभिप्राय ठरलेला असतो : गोंगाट होता, संपला, बरे झाले! हा अभिप्राय आम्हांस मान्य नाही. परंतु ते मद्यगृह मेल्यानंतर त्याची पूजा बांधणाऱ्यांशी आमचे भांडण याहून मोठे आहे.

हिली क्रिस्टल यांनी १९७३ च्या डिसेंबरात ते उघडले, ते ‘कंट्री’, ‘ब्लूग्रास’ आणि ‘ब्लूज’ या जुन्या अमेरिकन गानप्रकारांसाठी. नावातील अक्षरे त्यांचीच. वस्ती निराधारांची व मद्यपींची. वरच्या मजल्यांवर अतिस्वस्त निवासगृह. अशा जागी प्रतिष्ठित गायक कोठून येणार? आले ते अन्यत्र कोणी उभे करीत नसे असे तरुण. १९७४ साली ‘टेलिव्हिजन’ व ‘रामोन्स’ ही वृंदे तेथे वाजली. पॅटी स्मिथ, ‘ब्लॉन्डी’, ‘टॉकिंग हेड्स’ हीही त्याच व्यासपीठावरची नावे. क्रिस्टल यांची अट एकच : गाणी स्वतःची हवीत. इतरांच्या गाण्यांवरील स्वामित्वशुल्क टळावे, हा व्यवहारही तीत होता म्हणतात. असेना! त्या व्यवहाराने जे साधले, ते कित्येक कलासंस्थांच्या उदात्त घटनांना साधलेले नाही.

पुढे जागेच्या भाड्यावरून वाद झाला. मालकाच्या नात्याने समोर उभी होती ती बेघरांसाठी काम करणारी संस्था. तेव्हा येथे खलपुरुष शोधण्यात अर्थ नाही. १५ ऑक्टोबर २००६ रोजी पॅटी स्मिथ यांच्या गायनाने दार मिटले. २००७ मध्ये क्रिस्टल वारले. २००८ मध्ये त्याच जागेत उंची कपड्यांचे दुकान थाटले गेले. आणि २०१३ साली मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने वेशभूषेच्या प्रदर्शनात तेथील गलिच्छ स्वच्छतागृहाची हुबेहूब प्रतिकृती मांडली!

याला वारसा जपणे म्हणावयाचे काय? जपावयाचे होते ते कमी भाडे, अनोळखी माणसाला मिळणारा अर्धा तास आणि ‘तुझे स्वतःचे काय आहे ते ऐकव’ ही मागणी. ते सारे सोडून घाण तेवढी जतन झाली.

आणि परप्रांतांतील आमची मराठी मंडळे तरी वेगळे काय करतात? दिवंगतांच्या तसबिरींना हार, गाजलेल्या नाटकांचे पुनःप्रयोग, पाहुण्यांचे सत्कार. बदलीच्या गावी वाढलेला एखादा मुलगा आपली ओबडधोबड कविता घेऊन आला, तर कार्यक्रमपत्रिकेत त्याला जागा नसते. आमची मागणी साधी आहे. वर्षातून एक संध्याकाळ सभागृहाचे भाडे मंडळाने भरावे आणि व्यासपीठ केवळ नव्यांना, केवळ स्वतःच्या रचनांसाठी द्यावे. बेसूर होईल, हे आम्ही धरूनच चाललो आहोत.